प्रकल्प नोंदी: पानशेतच्या पुराची साधनं शोधणं आणि संदर्भ देणं

द्वितीय वर्ष कला, इतिहास. महाविद्यालयाचं ग्रंथालय आणि इतिहास विभाग, पुणे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५. संदर्भ विभागातल्या वहीतल्या नोंदी.

८ जुलै

विषय ठरला: १२ जुलै १९६१चा पानशेतचा पूर. पुण्यात हा विषय काढला की जवळपास प्रत्येक घरात कुणीतरी सांगणारं निघतं. त्यामुळे मुलांना वाटतं, माहिती आहेच, आता फक्त लिहून काढायची. प्रकल्प नेमका त्यासाठी नाही. प्रत्येक विधानाखाली असा संदर्भ हवा, की तो वाचून अनोळखी माणसानेही त्याच पानावर पोचावं. हा विषय घेण्याचं कारण असं, की याची साधनं जवळजवळ सगळ्या प्रकारची आहेत: चौकशी आयोगाचा अहवाल, विधिमंडळातल्या चर्चा, वर्तमानपत्रं, अभियांत्रिकीचं लिखाण, प्रबंध, आठवणी. प्रत्येकाची शोधायची वाट वेगळी आणि संदर्भ लिहायची तऱ्हाही वेगळी.

आधी विषय फोडून घेतला. ‘पानशेतचा पूर’ एवढेच शब्द घेऊन तालिकेसमोर (ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींच्या यादीसमोर) बसलं तर एक तर फार थोडं हाती लागतं किंवा नको ते. तीन गट, तीन प्रश्न. पहिला: आंबी नदीवरचं, बांधकाम चालू असलेलं मातीचं धरण का फुटलं आणि त्याखालचं मुठेवरचं खडकवासला का टिकलं नाही? दुसरा: नदीकाठच्या पेठांचं आणि डेक्कन जिमखान्याचं नुकसान कोणी मोजलं, कसं मोजलं? तिसरा: गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर इथे पूरग्रस्तांचं पुनर्वसन कोणत्या निर्णयांनी झालं? प्रश्न असा बांधला की साधनाचा प्रकार आपोआप कळतो. पहिल्यासाठी आयोग आणि अभियंते, दुसऱ्यासाठी वर्तमानपत्रं आणि महानगरपालिकेचे कागद, तिसऱ्यासाठी शासननिर्णय आणि गृहनिर्माण संस्थांची कागदपत्रं.

१० जुलै

सुरुवात संदर्भग्रंथांपासून. मराठी विश्वकोशातल्या नोंदी वाचून मुलांनी फक्त नावं, तारखा आणि शब्द टिपले. नोंदीच्या शेवटी नोंदकाराचं नाव आणि बहुतेक ठिकाणी संदर्भ असतात. पुढचं पुस्तक तिथूनच सापडतं, म्हणून वाचन शेवटाकडून केलेलं बरं. विश्वकोशाचा हवाला द्यायचाच झाला तर नोंदकार, नोंदीचं शीर्षक आणि खंड क्रमांक द्यावा. नुसतं ‘मराठी विश्वकोश’ लिहिणं म्हणजे वीस खंडांकडे बोट दाखवण्यासारखं.

गॅझेटियरबाबत, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीच्या सरकारी ग्रंथाबाबत, एक गोष्ट ठामपणे सांगितली. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे मुंबई इलाख्याच्या मालेतला अठरावा खंड, १८८५चा आणि तीन भागांत आहे. सुधारित आवृत्ती १९५४ची. दोन्ही पुराआधीची. त्यात पूर शोधत बसण्यात अर्थ नाही, पण खडकवासल्याच्या धरणासाठी आणि शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी ती लागतातच. १८८५च्या खंडात तलावाचं नाव ‘लेक फाइफ’ असं येतं. हे ठाऊक नसेल तर अनुक्रमणिकेत खडकवासला सापडत नाही आणि ‘यात माहितीच नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीची हद्दही सांगून ठेवली. पहिला भाग १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. पुरावरच्या पुस्तकांसाठी तिचा उपयोग नाही, पण पुण्याच्या पाण्याच्या जुन्या इतिहासासाठी तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. कोणतीही सूची उघडताना ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे प्रस्तावनेत आधी पाहायचं.

१५ जुलै

शोधशब्दांची यादी. हे काम कंटाळवाणं दिसतं, पण पुढचा निम्मा वेळ इथेच वाचतो. प्रत्येक गटाने वहीच्या एका पानावर चार स्तंभ आखले: आजचं मराठी, जुनं मराठी, आजचं इंग्रजी, जुनं इंग्रजी. पानशेतच्या समोर तानाजीसागर आलं. पुण्याच्या इंग्रजी स्तंभात ‘पूना’ आणि ‘पुणे’ दोन्ही. १९६१चं इंग्रजी साहित्य शोधताना ‘पूना’च टाकायचं. खडकवासल्याचं रोमन स्पेलिंग कुठे डब्ल्यूने, कुठे व्हीने. मुठेला कधी यू, कधी दोन ओ.

जुन्या मराठीत अनुस्वार येतात: पुणें, धरणें, नांव. लेखनाचे नवे नियम १९६२ आणि १९७२चे. त्याआधीच्या पुस्तकाची नोंद ग्रंथपालाने मूळ शीर्षकाबरहुकूम केली असेल, तर ‘धरणे’ टाकून ‘धरणें’ मिळेलच असं नाही. यावर उपाय म्हणजे शब्द तोडून पुढे ताराचिन्ह देणं: ‘धरण*’ टाकलं की धरण, धरणे, धरणें, धरणफुटी सगळं येतं. आमच्या तालिकेत ते चालतं. बाहेरच्या तालिकेत तिथलं मदतपान आधी वाचावं.

आता असा दोष, जो डोळ्यांना दिसतच नाही. ‘खोऱ्यातील’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घातलेलं असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते वेगळे शब्द. ‘मुठा खोऱ्यातील’ असं शीर्षक तालिकेत असूनही शोधात येत नाही, त्यामागे बहुधा हेच असतं. ‘ॲ’चंही तसंच, कारण ते एक अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि अ वर चंद्र देऊनही. ऱ्या किंवा ॲ असलेला शब्द टाळून शीर्षकातला दुसरा शब्द घ्यावा, नाहीतर लेखकाच्या आडनावाने जावं.

१९ जुलै

तालिका ते मांडणी. मागणी चिठ्ठीवर बोधांकाऐवजी दाखल क्रमांक लिहिणं ही नेहमीची गल्लत. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आलं तेव्हाचा नोंदवहीतला अनुक्रम. त्यावरून त्या एका प्रतीची ओळख पटते, कपाट सापडत नाही. बोधांकात वर्गांक आणि ग्रंथांक असतात आणि पुस्तक त्या क्रमानेच लावलेलं असतं.

पुस्तकं विषयवार अंकांनी लावायच्या ड्यूई पद्धतीत आपला विषय एका जागी नाही, याची मुलांना कल्पना नव्हती. धरणं ६२७.८ला, शहराचा पाणीपुरवठा ६२८.१ला, आपत्ती म्हणून पूर ३६३.३४९३ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९च्या आसपास. एकाच घटनेवरची पुस्तकं तीन मजल्यांवर विखुरलेली. म्हणून एक पुस्तक सापडलं की तालिकेतल्या त्याच्या नोंदीतले विषयशीर्षक पाहायचे आणि त्यावरून पुन्हा शोध घ्यायचा. दुसरा शोध पहिल्यापेक्षा नेहमी चांगला निघतो.

दशांश वाचण्यातही घोळ होतो. ६२७.१२ हे ६२७.८च्या आधी येतं, कारण टिंबानंतरचा एकेक अंक स्वतंत्र वाचायचा असतो. बारा आठाहून मोठे म्हणून पुढे शोधलं की पुस्तक ‘हरवतं’.

पुस्तक जागेवर नसेल तर क्रमाने पाहायचं: देवघेवीत गेलंय का, परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीवर आहे का, बांधणीला आहे का, संदर्भ विभागात हलवलंय का. मग त्याच फळीवर डावी-उजवीकडे दोन-दोन कप्पे आणि अंक उलटसुलट करून (६२७ऐवजी ६७२). एवढं करूनही नाही मिळालं तर काउंटरवर सांगावं. न सांगितलेलं हरवलेलं पुस्तक पुढच्या वर्षीही हरवलेलंच राहतं.

२९ जुलै

गेल्या गुरुवारी, २५ जुलैला, मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलं. विषय असा अचानक दारात आला. दुसऱ्या गटाला यातून एक काम दिलं: त्या दिवशीच्या बातम्यांचे दुवे जमवणं. बातमीचं पान दिवसभर बदलत होतं. विसर्गाचा आकडा, शीर्षक, कधी कधी वेळसुद्धा. एका पानावर सकाळी वाचलेला आकडा संध्याकाळी तिथे नव्हता.

म्हणून नियम: ऑनलाइन बातमीचा संदर्भ देताना प्रकाशनाची तारीख, पानावर दिसलेली अद्ययावत वेळ आणि आपण पाहिल्याची तारीख या तिन्ही लिहायच्या. पान वाचताक्षणीच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक यंत्रात जतन करायचं आणि जतन झालेल्या प्रतीचा दुवाही टिपायचा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात पत्ता दिसत नाही. विसर्गाचा आकडा घेताना ‘क्युसेक’ (सेकंदाला घनफूट) की ‘क्युमेक’ (सेकंदाला घनमीटर) हे तपासायचं. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक, एकक चुकलं तर पूर पस्तीस पटींनी लहान किंवा मोठा होतो.

२ ऑगस्ट

पुस्तक हातात असतानाच संदर्भ पूर्ण लिहायचा. आजचा सगळा तास यावरच दिला, कारण शेवटच्या आठवड्यातली धावपळ इथेच टळते.

कव्हरवरून कधीही लिहू नये. शीर्षक शीर्षकपानावरून आणि प्रकाशनाचा तपशील त्याच्या मागच्या पानावरून घ्यावा. जुन्या मराठी पुस्तकांत मुद्रकाचा मजकूर कधी अगदी शेवटच्या पानावर असतो. मुद्रक आणि प्रकाशक वेगळे असतात आणि संदर्भात प्रकाशक हवा. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरक पानांच्या क्रमांकांसाठी महत्त्वाचा. दुसऱ्या आवृत्तीत मजकूर वाढला की पानं सरकतात, पुनर्मुद्रणात सहसा तशीच राहतात. म्हणून आपण जी आवृत्ती वाचली तिचंच वर्ष मुख्य द्यायचं, पहिल्या आवृत्तीचं वर्ष हवं तर कंसात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, असेल तर टिपावा. १ जानेवारी २००७पासून तो तेरा अंकी झाला, आधी दहा अंकी होता. १९६१च्या पुस्तकांवर तो असणारच नाही, म्हणून तिथे दाखल क्रमांक वहीत ठेवायचा.

शकाचा हिशेब. पुस्तकावर ‘शके’ असेल तर गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. आषाढ शके १८८३ म्हणजे १९६१, पण माघ शके १८८३ म्हणजे १९६२. महिना दिलेला नसेल तर ‘१९६१-६२’ असं लिहायचं, अंदाजाने एक वर्ष निवडायचं नाही.

शासकीय प्रकाशनांत आणखी एक गुंता असतो. २२ मार्च १९५७पासून सरकारी कागदांवर राष्ट्रीय दिनदर्शिकेची तारीख येऊ लागली. तिचे महिनेही चैत्र, वैशाख असेच, पण ते सौर. १२ जुलै १९६१ या दिवशी राष्ट्रीय तारीख २१ आषाढ १८८३ होती. पंचांगात मात्र त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो दिवस निज ज्येष्ठाच्या वद्य पक्षाच्या अखेरीला पडतो. शासकीय राजपत्रातला ‘आषाढ’ आणि एखाद्या कीर्तनकाराच्या आठवणीतला ‘ज्येष्ठ’ हे दोन्ही बरोबर असू शकतात. विरोध दिसला की कुणाला खोटं ठरवण्याआधी कॅलेंडर तपासायचं.

८ ऑगस्ट

टिपणपत्रकं. एका पत्रकावर एकच मुद्दा. वर उजवीकडे बोधांक आणि पान. डावीकडे तीनपैकी एक खूण: ‘अ’ म्हणजे शब्दशः अवतरण, ‘सा’ म्हणजे आपल्या शब्दांत सारांश, ‘मा’ म्हणजे माझं मत. ही खूण नसली की तीन आठवड्यांनी अवतरण आणि सारांश वेगळे ओळखता येत नाहीत आणि न कळत चोरी होते. अवतरण एका पानावरून दुसऱ्यावर जात असेल तर पान संपतं तिथे उभी रेघ मारायची. लेखनात त्याचा अर्धा भागच वापरला तर अचूक पान देता येतं.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत साम्याच्या पायऱ्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग ४०, ६० आणि त्यावर. ही सवलत साम्य मोजण्याच्या यंत्रासाठी आहे. दहा टक्क्यांत बसतो म्हणून दुसऱ्याचा एक परिच्छेद नाव न देता घ्यावा, असा अर्थ कुणी काढू नये.

१३ ऑगस्ट

वर्तमानपत्रं. दैनिक सकाळ १ जानेवारी १९३२पासून निघतो आणि केसरी १८८१पासून, त्यामुळे पुण्याच्या दृष्टीने ही दोन पहिली. पूर १२ तारखेच्या दिवसाढवळ्या आला, म्हणजे त्या सकाळी छापलेल्या अंकात त्याची बातमी नसणार. शोध १३पासून सुरू करायचा, पण १०, ११ आणि १२चे अंकही पाहायचे, कारण धरणाच्या अवस्थेबद्दल आधी काय छापून आलं होतं, हा पहिल्या गटाचा खरा प्रश्न आहे.

हाताळणी: जुना कागद घडीवर तुटतो. बांधीव खंड टेबलावर सपाट ठेवून दोन्ही हातांनी पान उलटायचं. छायाप्रत नाही, फोटो फ्लॅशशिवाय. पहिला फोटो पानाच्या माथ्याचा, म्हणजे वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि पान दिसेल असा. दुसरा बातमीचा. माथ्याशिवायचा फोटो म्हणजे कात्रण, आणि तारीख नसलेलं कात्रण संदर्भ म्हणून कामाचं नाही. फाइलचं नाव तिथल्या तिथे बदलायचं: वर्ष-महिना-दिवस, मग वर्तमानपत्र, पान, स्तंभ. या क्रमाने दिलेली नावं संगणक आपोआप तारखेवार लावतो.

संदर्भात वर्तमानपत्राचं नाव, गाव, तारीख, पान, स्तंभ आणि अवतरणचिन्हांत बातमीचा मथळा. ‘आमच्या प्रतिनिधीकडून’ हे लेखकाचं नाव नाही. लेखक नसेल तर मथळ्यानेच सुरुवात. पुणे आणि मुंबई आवृत्त्यांची पानं जुळत नाहीत, म्हणून गाव गाळायचं नाही.

२१ ऑगस्ट

चौकशी आयोग. आधी न्या. बावडेकर यांच्याकडे असलेलं काम पुढे न्या. नाईक यांच्या आयोगाने पूर्ण केलं. तालिकेत अहवाल ‘नाईक’ या आडनावाखाली मिळेलच असं नाही. शासकीय अहवालाचा कर्ता म्हणून बहुधा ‘महाराष्ट्र शासन’ आणि त्याखाली आयोगाचं नाव अशी नोंद असते. तीनही मार्गांनी शोधायचं. महाराष्ट्र राज्य १ मे १९६०चं, त्यामुळे धरणाच्या मंजुरीचे आधीचे कागद ‘मुंबई राज्य’ म्हणून नोंदलेले असतात. इथे चौथा मार्ग उघडतो.

अहवालाचा हवाला देताना पानाबरोबर परिच्छेद क्रमांकही द्यायचा. टंकलिखित प्रत, छापील प्रत आणि भाषांतर यांची पानं वेगळी पडतात, परिच्छेद क्रमांक मात्र सहसा बदलत नाहीत. आयोगापुढच्या साक्षी आणि आयोगाचा निष्कर्ष या वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या अभियंत्याची साक्ष ‘आयोगाने म्हटलं’ म्हणून आली तर संदर्भ बिनचूक असूनही विधान खोटं ठरतं. मुलांकडून हे फार सहज होतं, म्हणून टिपणपत्रकावर ‘साक्ष’ की ‘निष्कर्ष’ अशी वेगळी खूण घातली.

मृतांचा आकडा कुठूनही उचलायचा नाही. आकडा, तो देणारी संस्था, दिल्याची तारीख हे तिन्ही एकत्र लिहायचं. पुराच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा आणि दोन वर्षांनंतरचा आकडा शेजारी-शेजारी ठेवले की वाचकाला स्वतःच कळतं.

३० ऑगस्ट

ऑनलाइन साधनं. शोधगंगेवर भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध आहेत. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. मराठी प्रबंधाचं शीर्षक तिथे अनेकदा रोमन लिपीत असतं, म्हणून १५ जुलैच्या यादीतले इंग्रजी स्तंभ वापरायचे. प्रबंध प्रकरणवार वेगळ्या फाइलींत असतो. संगणक ‘पान १२’ दाखवतो आणि कागदावर १८७ छापलेलं असतं; संदर्भात १८७. एन-लिस्टचं (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणाऱ्या योजनेचं) लॉगिन ग्रंथालयातून घ्यावं, ते घरूनही चालतं.

इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली हजारो मराठी पुस्तकं आहेत. हा फार मोठा ठेवा आहे, पण पानावरची माहिती जशीच्या तशी घेऊ नये. लेखकाचं नाव आणि वर्ष स्कॅनमधल्या शीर्षकपानावरून पडताळावं. पानं गाळलेली किंवा दोनदा आलेली असतात. म्हणून अवतरणाच्या आधीचं आणि नंतरचं पान सलग आहे का, ते पाहावं.

साप्ताहिकाचं नाव त्या काळचंच द्यायचं. आज ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ म्हणून ओळखलं जाणारं नियतकालिक १९६१मध्ये ‘इकॉनॉमिक वीकली’ होतं. नाव १९६६मध्ये बदललं. आजचं नाव घालून १९६१चा अंक मागितला तर मिळत नाही.

विकिपीडिया वाचायला हरकत नाही. तिथल्या तळटिपा उघडून मूळ साधन वाचायचं आणि हवाला त्याचा द्यायचा. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भयादीवर मात्र अजिबात विसंबायचं नाही. लेखक खरा, नियतकालिक खरं, पण त्या अंकात असा लेखच नाही, हे सर्रास घडतं. ग्रंथालयाची तालिका किंवा नियतकालिकाचा प्रत्यक्ष अंक यांपैकी एक डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद यादीत जाणार नाही.

४ सप्टेंबर

बाहेरची ग्रंथालयं. गणपतीच्या सुट्टीआधी पत्रं तयार केली. प्रत्येक पत्रावर विषय, हवी असलेली साधनं आणि त्यांचे त्या-त्या ग्रंथालयाच्या तालिकेतले बोधांक. ‘पुरावर काहीही चालेल’ असं पत्र घेऊन गेलं की हात हलवत परत यावं लागतं. सोबत ओळखपत्र, पेन्सिल, कोरी पत्रकं. शाईचं पेन अनेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत.

विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय प्रबंध आणि नियतकालिकांसाठी. गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय शासकीय आणि आर्थिक अहवालांसाठी. पुणे नगर वाचन मंदिर (१८४८) आणि पुणे मराठी ग्रंथालय (१९११) जुन्या मराठी पुस्तकांसाठी. भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१०) आणि पेशवे दप्तर ही नावं मुलांना आधी आठवतात, पण पेशवे दप्तराचा मोठा भाग मोडीतला आणि १८१८च्या आधीचा. १९६१साठी तिथे वेळ घालवू नये. खडकवासल्याच्या बांधकामाचे एकोणिसाव्या शतकातले सार्वजनिक बांधकाम खात्याचे कागद पाहायचे तर मुंबईचं राज्य पुराभिलेखागार गाठावं लागेल. हे पहिल्या गटाने पुढच्या सत्रावर ठेवलं.

२० सप्टेंबर

मुलाखती. वसाहतींमधल्या ज्येष्ठांशी बोलताना लेखी परवानगी, तारीख, ठिकाण आणि ध्वनिमुद्रणातली मिनिटं. नाव नको असेल तर ‘मुलाखत क्र. ३, लोकमान्यनगर’ असा हवाला चालतो, पण खरं नाव विभागाकडे बंद पाकिटात हवं. तेव्हाचं वय विचारायचं. सात वर्षांच्या मुलाने पाहिलेलं पाणी आणि तीस वर्षांच्या माणसाने पाहिलेलं पाणी ही दोन वेगळी साधनं आहेत.

२४ सप्टेंबर

तळटिपांची पद्धत सगळ्यांसाठी एक केली: आडनाव, नाव; शीर्षक; प्रकाशक, गाव; आवृत्ती, वर्ष; पान. संपादित ग्रंथात ‘संपा.’, भाषांतरात ‘अनु.’. एमएलए किंवा एपीए या इंग्रजीतल्या रूढ पद्धतींपैकी एखादी घेतली असती तरी चाललं असतं. मध्येच बदलणं मात्र चालत नाही.

‘तत्रैव’ (लगेच वरच्या टिपेतलंच साधन) आणि ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे आधी दिलेलं साधन) कच्च्या मसुद्यात वापरायला बंदी. दोन टिपांच्या मध्ये तिसरी घुसली की ‘तत्रैव’ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागतं आणि वाचणाऱ्याला ते कधीच कळत नाही. मसुद्यात आडनाव, छोटं शीर्षक, पान असंच लिहायचं. अखेरच्या प्रतीत, टिपांचा क्रम गोठल्यावर, हवं तर बदलायचं.

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या पुस्तकातून अवतरण घेतलं असेल तर ‘मूळ अमुक, उद्धृत तमुक, पान इतकं’ असं लिहायचं. मूळ ग्रंथ वाचल्याचा आव आणला, की मधल्या लेखकाची छपाईची चूकही आपल्या नावावर येते.

झोटेरो या संदर्भ जमवण्याच्या संगणकीय साधनात नोंदी भरताना आडनाव आणि नाव वेगळ्या चौकटींत, वडिलांचं नाव नावाच्या चौकटीत. संस्था कर्ता असेल तर एकच चौकट, नाहीतर ‘शासन, महाराष्ट्र’ असं छापून येतं. आपोआप येणारे इंग्रजी शब्द शेवटी हाताने मराठी करायचे. यादीचा अकारविल्हे क्रमही डोळ्यांखालून घालायचा. संगणक ळ ला ल च्या शेजारी बसवतो आणि क्ष ला क मध्ये टाकतो, तर मराठी वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ ह नंतर येतात.

२७ सप्टेंबर

उलट तपासणी. प्रत्येक गटाच्या तळटिपा मजकुराशिवाय दुसऱ्या गटाला दिल्या आणि सांगितलं: हे पान काढून दाखवा. या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा दिवस.

बहुतेक टिपा पोचल्या. अडल्या त्यांची कारणं तीच ती निघाली. आवृत्ती लिहिलेली नाही, म्हणून पान जुळत नाही. पीडीएफचं पान छापील पान म्हणून आलेलं. गॅझेटियरचा खंड आहे पण भाग नाही, आणि अठराव्या खंडाच्या तिन्ही भागांत ते पान आहे. लेखसंग्रहात संपादकाचं नाव दिलं, लेखाच्या लेखकाचं नाही. एका ठिकाणी टीप अगदी अचूक होती, पण त्या पानावर ते विधानच नव्हतं. पत्रकावर ‘मा’ खूण होती आणि मजकुरात मत माहिती म्हणून उतरलं होतं. ही शेवटची जात सर्वांत घातक, कारण ती फक्त पान उघडणाऱ्यालाच सापडते.

दुरुस्त्या ४ ऑक्टोबरपर्यंत. टिपणपत्रकं गटवार खोक्यांत, फोटो तारखेच्या नावांनी संदर्भ विभागाच्या संगणकावर, जतन केलेल्या दुव्यांची यादी छापून खोक्यात. पहिल्या गटाच्या दोन टिपा अहवालाच्या मूळ प्रतीशी ताडून पाहायच्या राहिल्या आहेत. त्या ताडून होईपर्यंत मजकुरातली ती दोन वाक्यं कंसात ठेवली आहेत.